धरणाऱ्याच्या हातून लिहिलेला नाईक : साताऱ्यातल्या एका ऐतिहासिक चित्रपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या एका तरुण दिग्दर्शकाच्या मनात उमाजी नाईकांवरचा चित्रपट कित्येक वर्षं घोळत होता. मुलगा एकांकिकांमधून आलेला, दोन लघुपट केलेला. त्याला निर्माता मिळाला तो जिल्ह्यातलाच, बांधकाम व्यवसायातला. चित्रपटात पैसे घालण्याची त्याची पहिलीच वेळ. मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो, मला इतिहास सल्लागार म्हणून बोलावलं. पुढे जे घडलं त्यात माझा वाटा मोठा आहे, त्यामुळे हे प्रकरण लांबून पाहिल्यासारखं मला लिहिता येणार नाही. माणसांची, गावांची आणि चित्रपटाचीही नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

उमाजी नाईक पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे, रामोशी जमातीतले. घराण्याकडे पुरंदर किल्ल्याची राखण होती. रामोश्यांचं काम म्हणजे गड राखायचा, गाव राखायचं, चोरी झाली तर माग काढायचा आणि माग लागला नाही तर भरपाईची जबाबदारीही अंगावर घ्यायची. त्या बदल्यात जमीन, धान्य, मानपान. १८१८ साली पेशवाई बुडाली, गड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले आणि राखणीबरोबर राखणदाराचे हक्कही गेले. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र बाळगणारा माणूस बेकार झाला. उमाजींनी माणसं जमवली, खजिने लुटले, सावकारांना आणि कंपनीच्या अंमलदारांना धाकात ठेवलं. कंपनीनं बक्षिसं लावली, बायकामुलांना अटकेत टाकलं, मग १८२० च्या दशकाच्या अखेरीस माफी देऊन त्यांनाच मुलखाच्या बंदोबस्ताला नोकरीवर घेतलं. ती नोकरी टिकली नाही. उमाजी पुन्हा डोंगरात गेले. १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला : इंग्रजांच्या चाकऱ्या सोडा, त्यांचे खजिने लुटा, त्यांना सारा देऊ नका. त्याच वर्षी १५ डिसेंबरला भोरजवळच्या उत्रोळीत ते आपल्याच माणसांच्या फितुरीनं धरले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिलं.

पुरंदरच्या माणसावर साताऱ्यात चित्रपट कशाला, असं निर्मात्याच्या भागीदारानं पहिल्याच बैठकीत विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर नीरा नदीत आहे. १८१९ च्या तहानं प्रतापसिंह महाराजांच्या सातारच्या राज्याची उत्तरेकडची हद्द नीरेवर ठरली. नदीच्या एका काठाला कंपनीचा मुलूख, दुसऱ्या काठाला छत्रपतींचा, पलीकडे भोर पंतसचिवांचं, पूर्वेला फलटण निंबाळकरांचं. ज्याच्या मागावर शिपाई आहेत त्याला अशा हद्दी म्हणजे दारंच असतात. खंडाळा, वाई, फलटण या पट्ट्यातले डोंगर आणि नदीचे उतार हा उमाजींच्या वावराचाच मुलूख. आजही तिथल्या रामोशी वस्त्यांवर सप्टेंबरात उमाजींची जयंती होते, आणि त्यांचं नाव ‘राजे’ लावल्याशिवाय कुणी घेत नाही.

साधन एकच, आणि तेही कुणाचं

उमाजींबद्दल सलग असं जे जुनं लेखन आहे, ते कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याचं. रामोशी जमातीची उत्पत्ती, तिची त्या वेळची स्थिती आणि उमाजींचं चरित्र असं ते इंग्रजी पुस्तक १८३३ मध्ये मुंबईत छापलं गेलं, फाशीच्या पुढच्याच वर्षी. मॅकिंटॉश हा उमाजींना धरण्याच्या मोहिमेवर नेमलेला अधिकारी. माणूस हुशार होता, चौकस होता. रामोश्यांच्या चालीरीती, कुळं, देवक, शपथा, टोळीतली वाटणी यांबद्दल त्यानं जितकं टिपून ठेवलंय तितकं त्या काळात दुसऱ्या कुणी टिपलेलं नाही. ते पुस्तक बाजूला ठेवून उमाजींवर चित्रपट लिहिणं म्हणजे विहीर सोडून पाणी शोधणं.

मी त्यातल्या चरित्राच्या भागाचं मराठी भाषांतर करून दिग्दर्शकाला आणि पटकथालेखकाला दिलं. टंकलिखित पानांचा एक गठ्ठा. सोबत टिपण दिलं नाही. ‘हे धरणाऱ्याचं लेखन आहे, यातली विशेषणं तपासून घ्या’ एवढी एक ओळसुद्धा मी वर लिहिली नाही. मला ते उघड वाटलं. इतिहासाच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो, पण पटकथालेखक माझा विद्यार्थी नव्हता आणि त्याला महिनाअखेर पहिला खर्डा द्यायचा होता.

खर्डा आला तेव्हा तो दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखा होता. पूर्वार्ध गठ्ठ्यातून उतरलेला : अंधारात पेटते पलिते, किंचाळणाऱ्या बायका, लुटीची वाटणी करताना चाललेली दारू, गावकरी थरथरतायत. उत्तरार्ध भाषणातून उतरलेला : उमाजी कड्यावर उभे राहून स्वातंत्र्यावर बोलतात, खाली शेकडो माणसं मशाली उंचावतात. मधली वर्षं, म्हणजे माफी, कंपनीची नोकरी आणि ती सोडणं, पूर्ण गाळलेली. लेखकाचं म्हणणं सरळ होतं, नायक इंग्रजांचा पगार घेतो हे प्रेक्षक घेणार नाही. मला त्या वेळी उत्तरार्धातल्या भाषणाची जास्त काळजी वाटली, कारण त्यातले शब्द १८३१ चे नव्हते. पूर्वार्धाबद्दल मी काही बोललो नाही. तो पुस्तकाबरहुकूम होता ना.

अडचण कुठे फुटली

चित्रीकरणाचे ठरलेल्यापैकी निम्म्याहून जास्त दिवस झाले होते. वाईजवळच्या एका वाड्यात आतली दृश्यं आणि खंडाळ्याच्या बाजूला डोंगरातली. या काळात माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टींवर होतं. शिपायांचे कपडे भाड्यानं आले ते खाकी. खाकी हिंदुस्थानात आली १८४६ च्या सुमाराला, तीही पेशावरकडच्या पलटणीत, तेव्हा ते परत पाठवून लाल डगले मागवावे लागले. फ्रेममध्ये गाजर गवत यायचं, जे या मुलखात १९५० च्या दशकात आलं. कॅमेरा लावण्याआधी चार माणसं पुढे जाऊन ते उपटायची. पठारावरचं एक सुंदर लोकेशन पवनचक्क्यांमुळे सोडावं लागलं. चेहऱ्याचाही प्रश्न होता. उमाजींचं छायाचित्र नाही आणि असणं शक्यही नाही, कारण फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. मिरवणुकीतल्या प्रतिमेत जो चेहरा असतो तो चित्रकाराच्या मनातला. तरी लोकांच्या डोळ्यांत तोच बसलाय, म्हणून नटाच्या मिशा आणि पागोटं आम्ही त्या प्रतिमेला धरून ठेवलं. या सगळ्यात दिवस जात होते आणि आपण इतिहास सांभाळतोय असं मला वाटत होतं.

मग पोस्टर आलं. काळ्या पार्श्वभूमीवर पाठमोरा माणूस, हातात तलवार, खाली एक ओळ : ‘दरोडेखोर? की राजा?’

मोबाइलवरून ते दुपारपर्यंत तीन तालुक्यांत फिरलं. संध्याकाळी निर्मात्याच्या कार्यालयात चाळीसेक रामोशी तरुण येऊन बसले. कुणी काही फोडलं नाही, कुणी हात उचलला नाही. निवेदन दिलं : शब्द काढा, पटकथा दाखवा, नाहीतर जिल्ह्यात चित्रीकरण होऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी ज्या गावात युनिट उतरलं होतं तिथल्या लोकांनी पाण्याचा टँकर द्यायला नकार दिला. घोडेवाल्याचा फोन आला, म्हणाला, भाऊ, मला त्याच रस्त्यानं परत जायचंय.

निर्मात्याला ओळीत वावगं काही दिसत नव्हतं. प्रश्नचिन्ह तर टाकलंय, उत्तर चित्रपटात ‘राजा’ असंच आहे, मग चिडायचं कशाला? त्याचा हा गोंधळ खरा होता, त्यात खोट नव्हती. ‘दरोडेखोर’ हा शब्द रामोशी वस्तीवर काय करतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून माणसांच्या पुऱ्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मालाच गुन्हेगार. मोठ्या माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. तो कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आहेत, रामोशी आहेत. पण आडनावामागचा संशय कायद्याबरोबर गेला नाही. अशा घरातल्या पोराला भिंतीवरच्या कागदावर ‘दरोडेखोर?’ वाचताना प्रश्नचिन्ह दिसत नाही.

समोर असलेले पर्याय

तीन दिवस काम बंद ठेवून आम्ही बसलो. दिग्दर्शक, निर्माता, पटकथालेखक, संकलक आणि मी.

सगळ्यात सोपा मार्ग निर्मात्याचा : पोस्टर बदलायचं, जाहीर माफी मागायची आणि पटकथेला हात न लावता उरलेलं शूटिंग पोलीस बंदोबस्तात उरकायचं. पैशाच्या बाजूनं हाच शहाणपणाचा. पण पूर्वार्धातली दृश्यं तशीच राहणार होती, म्हणजे पोस्टरवरचा शब्द काढून तोच पडद्यावर पाऊण तास दाखवायचा. शिवाय राखणदारांच्या वंशजांवरचा चित्रपट पोलिसांच्या कड्यात करायचा हे दिग्दर्शकाला सोसवेना.

दुसरा मार्ग नावं बदलण्याचा. नायकाला वेगळं नाव, गाव काल्पनिक, सुरुवातीला ‘कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीशी संबंध नाही’ ही पाटी. वकिलाला हा पसंत होता. माझा विरोध होता. दीडशे-दोनशे वर्षांनी त्या माणसाला पडद्यावर यायची संधी मिळते आणि आपण त्याचं नावच पुसतो, हे मला पटत नव्हतं. ओळखणारे ओळखणारच होते, फक्त आपण मान्य केलं नसतं.

तिसरा पटकथालेखकानं सुचवला : लुटीची सगळी दृश्यं काढून टाकायची आणि पहिल्या फ्रेमपासून निष्कलंक क्रांतिवीर उभा करायचा. तरुणांच्या मागणीला हा जवळचा. यानं वाद मिटला असता असं आजही मला वाटतं. पण खजिना लुटणं हा उमाजींच्या स्वतःच्या जाहीरनाम्यातला हुकूम आहे. तो गाळला तर ते कशासाठी लढले आणि कशावर जगले हेच कळत नाही. हक्काची जमीन, धान्य गेलेला माणूस आपल्या माणसांना पोसायला कुठून आणणार? लूट हा त्या कथेचा अर्थव्यवहार आहे. ती लपवली की उमाजींचा राग हवेत तरंगतो.

मी सुचवला तो चौथा : गाळलेली मधली वर्षं परत घ्यायची. माफी, नोकरी आणि ती सोडणं हे दाखवलं तर पूर्वार्धातला लुटणारा आणि उत्तरार्धातला जाहीरनामा काढणारा हा एकच माणूस आहे हे दिसेल. निर्माता म्हणाला, ‘सर, पोस्टरवरून एवढं झालं, आता राजांना इंग्रजांची चाकरी करताना दाखवा म्हणताय?’ त्याच्या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुठलाच मार्ग धड वाटेना. तेव्हा संकलक बाईंनी, ज्या तोवर गप्प होत्या, विचारलं की आपण त्या लोकांना नुसतं निवेदन घेऊन येऊ दिलं, त्यांच्याकडे कोण गेलं होतं? कुणीच गेलं नव्हतं.

वस्तीवरची बैठक

खंडाळा तालुक्यातल्या एका वस्तीवर, देवळापुढच्या पारावर, रात्री नऊला बसायचं ठरलं, कारण दिवसा माणसं कारखान्यांत आणि मजुरीला. मला वाटलं होतं दोन-चार पुढारी असतील. सव्वाशे माणसं आली, त्यात निम्म्या बायका. दिग्दर्शकानं पटकथा वाचायला घेतली. संक्षेप सांगायचा असं ठरलं होतं, पण त्यानं ऐन वेळी ठरवलं की पूर्ण वाचायची, शिव्यांसकट. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धाडसाचा निर्णय तोच होता.

अडीच तास वाचन चाललं. लुटीच्या दृश्यांना कुणी हरकत घेतली नाही. उलट एका म्हाताऱ्यानं दुरुस्ती केली, ‘असं ओरडत कोण जातंय व्हय? राखणदाराच्या पायाचा आवाज येत न्हाई.’ दारूच्या दृश्याला मात्र बायका उठल्या. भंडाऱ्यावर हात ठेवून जेजुरीच्या खंडोबाची आण घेतलेली माणसं कामगिरीच्या रात्री पीत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. मी मनातल्या मनात तपासलं. भंडाऱ्याची शपथ आमच्या पटकथेत होती आणि दारूही होती, दोन्ही एकाच रात्री. हा विरोध मला दिसला नव्हता.

मग मी उठून मधल्या वर्षांबद्दल विचारलं. कंपनीनं बायकापोरं अडकवली, माफी दिली, नोकरी दिली, हे दाखवायचं का? तरुण चिडले. ‘राजे कुणाचे नोकर नव्हते’ असं एकानं उभं राहून सांगितलं. मागून एक आजोबा म्हणाले, ‘बस खाली. तुझा आजा हजेरीला जात व्हता. रोज संध्याकाळी पाटलाच्या दारात. तो काय हौसेनं जात व्हता? घरात लेकरं व्हती म्हणून जात व्हता. राजांचीबी लेकरं धरली व्हती.’ पारावर बराच वेळ कुणी बोललं नाही. तो तरुणही बसला. पटलं म्हणून बसला की वडीलधाऱ्यांचा मान म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

निघायच्या वेळी एका आजींनी मला हाक मारली. वय ऐंशीच्या पुढे असेल. त्यांनी विचारलं की तुम्हाला हे सगळं कळलं कुठून? मी पुस्तकाबद्दल सांगितलं. कुणी लिहिलं? ज्या साहेबानं राजांना धरलं त्यानं. आजी म्हणाल्या, ‘आन् त्यो लिवताना कुठं हाय तुमच्या शिनेमात? धरलं त्यानं, लिवलंबी त्यानंच. मग लिवताना दावा की त्याला.’

परतताना गाडीत दिग्दर्शक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, लिहिताना दाखवायचं. मी भाषांतराच्या गठ्ठ्यावर जी ओळ लिहायला हवी होती, ती आजींनी चित्राच्या भाषेत सांगितली होती.

काय केलं

पूर्वार्ध फेकून द्यायची गरज उरली नाही. वाड्यातल्या एका खोलीत दोन दिवसांचं जादा शूटिंग घेतलं : टेबल, मेणबत्ती, बोरू नव्हे तर पिसाची लेखणी, आणि लिहिणारा कॅप्टन. समोर बेड्या घातलेले उमाजी. फाशीआधीच्या त्या सात आठवड्यांत ते कोठडीत होते. कॅप्टन विचारतो, उमाजी सांगतात, तो लिहितो. प्रेक्षकाला आधी उमाजींचं सांगणं ऐकू येतं, मग लेखणीतून उतरलेलं वाक्य. दोन्हींत फरक असतो. उमाजी म्हणतात ‘हक्क मागायला गेलो’, कागदावर उतरतं ‘खंडणी मागितली’. पलिते आणि किंचाळ्या यातल्या दोन दृश्यांना संकलक बाईंनी कागदावरच्या वाक्याखाली ठेवलं, आणि तीच घटना पुढे बिनआवाजाच्या पावलांनी परत दाखवली. दारूचं दृश्य काढलं. या खोलीतले संवाद आमचे आहेत, पुस्तकातले नाहीत, हे सुरुवातीच्या पाटीवर लिहिलं.

मधली वर्षं घेतली. कंपनीच्या नोकरीचं दृश्य फार तर सहा मिनिटांचं. उमाजी घरी येतात, मुलगा त्यांच्या कमरेचा नवा पट्टा हातात घेऊन बघतो, ते तो काढून खुंटीला लावतात. संवाद नाही. माझ्या दृष्टीनं चित्रपटातलं सगळ्यात सच्चं दृश्य हे आहे.

उत्तरार्धातलं कड्यावरचं भाषण गेलं. त्याच्या जागी जाहीरनामा आला. उमाजी लिहिणं-वाचणं शिकले होते असं परंपरेनं सांगतात, म्हणून कोठडीतल्या लेखणीसमोर त्यांचा स्वतःचा कागद उभा राहिला. गावोगाव तो वाचून दाखवणारा माणूस, ऐकणारे शेतकरी, आणि ‘सारा देऊ नका’ या शब्दांवर एकमेकांकडे पाहणारे पाटील-कुलकर्णी.

एका इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी शेवटी उमाजींची थोरवी सांगणारं वाक्य घालायचा निर्मात्याचा आग्रह होता, लोक टाळ्या वाजवतील म्हणून. मी पानाचा आकडा मागितला. तो कुणालाच देता आला नाही आणि वाक्य घेतलं नाही. शत्रूनं दिलेल्या प्रमाणपत्राशिवाय आपला माणूस मोठा ठरत नाही ही सवय मला तशीही आवडत नाही.

फितुराच्या नावावर मात्र आमचं एकमत झालं नाही. नावं लिखित आहेत, लपलेली नाहीत. पण ती आडनावं आजही त्याच खोऱ्यात नांदतात. बैठकीनंतर एक गृहस्थ एकटे येऊन मला म्हणाले होते, ‘आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत.’ दिग्दर्शकानं पडद्यावर फितुराला नाव दिलं नाही. मी नाव ठेवावं या मताचा होतो. लिखित नाव गाळणं म्हणजे आम्हीही लेखणी हवी तशी वाकवली. त्या गृहस्थांचा चेहरा आठवला की माझं मत डळमळतं, तरी ते बदललेलं नाही.

पोस्टरवरून ओळ गेली. नुसतं नाव राहिलं.

निष्पत्ती

सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळायला त्रास झाला नाही. घोड्यांच्या परवानगीची कागदपत्रं आधीच पुरी होती, ती मात्र दर वेळी तपासली गेली. सातारा, कराड, फलटण, सांगली इथे चित्रपट लागला. शहरात दोन आठवडे टिकला, पुण्यात सकाळचा एकच खेळ मिळाला. निर्मात्याचे पैसे पुरते निघाले नाहीत. जादा दोन दिवस, पुन्हा संकलन, लांबलेलं प्रदर्शन, यांचा बोजा त्याच्यावर पडला आणि पुढच्या चित्रपटाचं त्यानं नाव काढलेलं नाही. या प्रकरणात ज्यानं आर्थिक किंमत मोजली तो तोच, आणि मूळ ओळ त्यानं वाईट हेतूनं लिहिली नव्हती.

वस्तीवर देवळासमोर पडदा लावून खेळ केला. कॅप्टनला लिहिताना दाखवा असं ज्या आजींनी सुचवलं होतं त्या पुढे बसल्या होत्या. कॅप्टनची लेखणी पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. नोकरीच्या दृश्याला काही तरुण उठून गेले. पाच-सहा जण असतील, परत आले नाहीत. त्यांच्यातल्या एकाशी मी नंतर बोललो. तो म्हणाला, ‘सर, तुमचं खरं असेल. पण आम्हाला आयुष्यात एकदा तरी पुरता राजा बघायचा होता.’ त्याच्या या मागण्याला मी चूक म्हणू शकत नाही.

शहरातल्या प्रेक्षकांची तक्रार उलटी होती, कोठडीतली दृश्यं संथ आहेत, मारामारी कमी आहे. तीही तक्रार खरी आहे. पूर्वार्ध मुळात वेगळ्या चित्रपटासाठी चित्रित झाला होता आणि सांधा दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

वस्तीवरची बैठक चित्रीकरणाच्या आधी व्हायला हवी होती. पोस्टरनं आग लावली नसती तर ती झालीच नसती, हे मला जास्त लागतं. पटकथेचं पूर्ण वाचन, एकही पान न गाळता, ज्यांच्या पूर्वजांची कथा आहे त्यांच्यापुढे, पहिल्या खर्ड्यानंतर लगेच. त्याला खर्च एका रात्रीच्या चहाचा. उशिरा केल्यामुळे त्याचा खर्च दोन दिवसांचं युनिट आणि निम्मं संकलन इतका झाला. वाचन म्हणजे परवानगी नव्हे, हे दोन्ही बाजूंना आधीच सांगून ठेवायला हवं. आमच्या बैठकीत ते स्पष्ट नव्हतं. उठून गेलेल्या तरुणांना वाटत होतं की त्यांचा नकार नोंदला गेला आहे आणि तो पाळला जाईल.

त्या बैठकीत ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं श्रेयनामावलीत ‘विशेष आभार’ या सदरात, शेवटी, बारीक अक्षरात गेली. पावलांचा आवाज, भंडाऱ्याची आण, हजेरीची आठवण आणि लेखणीची कल्पना, या चित्रपटाचा कणा त्यांनी दिला. माझं नाव ‘इतिहास सल्लागार’ म्हणून स्वतंत्र पाटीवर आहे आणि मला मानधन मिळालं. त्यांना मिळालं नाही. हे त्या वेळी कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही. संशोधनाच्या खर्चात अशा माणसांच्या मानधनाची ओळ पहिल्या अंदाजपत्रकापासून असायला हवी.

निर्मात्याशी झालेल्या करारात जाहिरातीच्या मजकुरावर दिग्दर्शकाचा किंवा सल्लागाराचा काहीच हक्क नव्हता. पोस्टर आम्ही दोघांनीही लोकांबरोबरच पाहिलं. निदान बाहेर पडण्याआधी एक दिवस ते दाखवलं जाईल एवढं कलम मागायला काही अवघड नव्हतं.

आणि माझा गठ्ठा. ते भाषांतर मी आता पुन्हा करतोय. वस्तीवरच्या बैठकीत ‘बस खाली’ म्हणणाऱ्या आजोबांचा नातू साताऱ्यात एम.ए. करतो, तो रविवारी येतो. प्रत्येक पानावर मॅकिंटॉशचं वाक्य, समोर मराठी, आणि तिसऱ्या रकान्यात त्याच्या आजोबांना ते वाचून दाखवल्यावर ते काय म्हणाले. चरित्राचा भाग अजून निम्माच झालाय, कारण आजोबा एका वाक्यावर कधी कधी पूर्ण दुपार घेतात.